वारा अंगावर कोणी घ्यायचा?

रविवारी पहाटे साडेपाचच्या सुमाराला जुन्या मुंबई–पुणे हायवेवर, निगडीच्या पुढे, मागचे लाल दिवे लुकलुकवत जाणारे सायकलींचे घोळके दिसतात. जवळून पाहिलं तर एकेका घोळक्यात तऱ्हेतऱ्हेची मंडळी असतात. कार्बन फ्रेमची महागडी रोड बाईक घेतलेला आयटीतला तिशीचा मुलगा, हायब्रिडवर ताठ बसलेले निवृत्त बँकवाले काका, जाड टायरची एमटीबी दामटणारी कॉलेजची मुलगी आणि परवाच दुकानातून सायकल आणलेला, अजून गिअर चाचपडणारा एखादा नवा गडी. लोणावळा गाठायचं, नाश्ता करायचा आणि उन्हं तापायच्या आत परतायचं, एवढाच बेत असतो. देहूरोडपर्यंत सगळे सोबत असतात. सोमाटणे फाट्याला घोळक्याचे दोन तुकडे पडतात, वडगावला तीन. कामशेतच्या अलीकडे नवा गडी एकटाच मान खाली घालून पॅडल मारत असतो आणि पुढचे टपरीवर थांबून घड्याळ बघत असतात. तो पोचतो तेव्हा त्यांचा चहा संपलेला असतो. "चला, निघू या!" म्हणत सगळे खोगिरावर बसतात. विश्रांतीची ज्याला सगळ्यांत जास्त गरज, नेमकी त्यालाच ती मिळत नाही.

पुढच्या रविवारी तो येत नाही. ग्रुपमधले म्हणतात, त्याला जमलं नाही. खरं तर जमलं नाही ते ग्रुपला.

कमीजास्त ताकदीच्या माणसांनी एकत्र सराव कसा करायचा, हा प्रश्न सायकलींच्या ग्रुपइतकाच जुना आहे. त्यावर सहसा दोन उपाय सुचतात. पहिला, सगळ्यांनी सगळ्यांत हळू माणसाच्या वेगाने जायचं. हे दोन-तीन आठवडे टिकतं, मग ताकदीची मंडळी कंटाळून आपली वेगळी चूल मांडतात. दुसरा, ए, बी, सी असे गट पाडायचे. शंभर-दीडशे सभासदांच्या क्लबला ते परवडतं. पण दहा-बाराजणांचा ग्रुप असेल तर नवखे नवख्यांच्याच संगतीत राहतात आणि त्यांना ओळीत कसं चालवायचं, घाटात गिअर कधी पाडायचा हे शिकवायला कोणी उरत नाही. तिसरा मार्ग आहे आणि तो या दोन्हींपेक्षा चांगला आहे. सगळ्यांचा वेग सारखा ठेवण्याचा हट्ट सोडून सगळ्यांचे कष्ट सारखे करायचे. सपाट रस्त्यावर हे काम वारा करून देतो, घाटात घड्याळ.

आधी वाऱ्याचं पाहू. सपाट रस्त्यावर, वारा पडलेला असतानाही, ताशी २५-३० किलोमीटरने जाणाऱ्या सायकलस्वाराची बहुतेक शक्ती समोरची हवा बाजूला सारण्यात जाते. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती घनाच्या पटीत. वेग २० वरून ३० वर नेला तर तो दीडपट झाला, पण हवेवर खर्च होणारी शक्ती सव्वातीनपटीच्याही वर गेली. उत्साही नवखा पुढच्यांच्या मागे सुटतो आणि पंधरा मिनिटांत गळून जातो, त्याचं मूळ या गणितात आहे.

हीच हवा दुसऱ्याच्या पाठीआड राहून चुकवता येते. त्याला सायकलवाले ड्राफ्टिंग म्हणतात. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी रस्त्यावर प्रत्यक्ष सायकल चालवणाऱ्यांचा प्राणवायूचा वापर मोजला. ताशी ३२ किलोमीटरला एका सायकलच्या मागे राहिलं तर प्राणवायूची गरज सुमारे १८ टक्क्यांनी कमी होते, ४० ला सुमारे २७ टक्क्यांनी आणि त्याच वेगाला आठजणांच्या घोळक्यामागे राहिलं तर ३९ टक्क्यांनी, असं त्यांना आढळलं. व्यावसायिक शर्यतीतल्या मोठ्या घोळक्यात तर हा फायदा अविश्वसनीय वाटावा इतका असतो. नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हन तंत्रविज्ञान विद्यापीठातले बर्ट ब्लोकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये १२१ सायकलस्वारांचा घोळका संगणकावर आणि वाऱ्याच्या बोगद्यात तपासला. घोळक्याच्या पोटात, मागच्या रांगांमध्ये असलेल्याला एकट्या सायकलस्वाराच्या तुलनेत हवेचा रोध अवघा ५ ते १० टक्के जाणवतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. टूर दि फ्रान्सचा विजेता तीन आठवड्यांतले बहुतेक तास कोणाच्या तरी पाठीआड का काढतो, याचं दुसरं स्पष्टीकरण लागत नाही.

रविवारच्या राईडवर याचा उपयोग कसा होतो, ते आकड्यांत मांडून बघावं. एक माणूस तासभर जास्तीत जास्त जी सरासरी शक्ती टिकवू शकतो तिला ढोबळमानाने एफटीपी म्हणतात आणि ती वॅटमध्ये मोजतात. समजा, ग्रुपमधल्या मुरलेल्या गड्याची एफटीपी २४० वॅट आहे आणि नव्याची १५०. सपाट रस्त्यावर, वारा नसताना, ताशी ३० किलोमीटरला साधारण १५० वॅट लागतात असं धरू. मुरलेल्याला हे त्याच्या मर्यादेच्या ६२-६३ टक्के पडतात. तो गप्पा मारत दोन-तीन तास असा जाईल. नव्याला त्याच वेगाला शंभर टक्के लावावे लागतात, म्हणजे फार तर तासाभरात खेळ खलास. आता नव्याला मुरलेल्याच्या मागे ठेवा. १८ टक्के वाचले तर त्याला १२३ वॅट पुरतात. हे झाले मर्यादेच्या ८२ टक्के. धाप लागेल, पण तग धरेल. आणि पुढच्याने वेग फक्त २ किलोमीटरने उतरवला, ३० चा २८ केला, तर नव्याचं काम शंभर वॅटच्या आसपास, ६८ टक्क्यांवर येतं. आता तोही गप्पा मारू शकतो. साठ किलोमीटरच्या अंतरात या दोन किलोमीटरची किंमत किती? साडेआठ मिनिटं. चहाच्या टपरीवर त्याची वाट पाहण्यात यापेक्षा जास्त वेळ जातो.

म्हणजे एकाच वेगाने जाताना दोघांचाही व्यायाम आपापल्या जागी योग्य होऊ शकतो. एकाने वारा अंगावर घ्यायचा, दुसऱ्याने घ्यायचा नाही. ताकदवानाला जास्त दमायचं असेल तर त्याने वेग वाढवायची गरज नाही. पुढे जास्त वेळ राहावं, एवढं पुरे.

ही गोष्ट सगळ्यांत चांगली कळते ती टीम टाइम ट्रायलमध्ये, म्हणजे अख्खा संघ एकत्र घड्याळाशी झुंजतो त्या शर्यतीत. या शर्यतीच्या पारंपरिक नियमानुसार संघाची वेळ पहिल्या सायकलस्वाराची धरत नाहीत. चौथा किंवा पाचवा गडी रेषा ओलांडतो ती वेळ संघाची. त्यामुळे संघातला सगळ्यांत जोरकस माणूस पुढे आल्यावर वेग वाढवत नाही, कारण तसं केलं तर मागचे सुटतील आणि वेळ वायाच जाईल. तो तोच वेग जास्त वेळ धरून ठेवतो. अशक्त गडी पुढे आला न आला की लगेच बाजूला होतो, कधी कधी पाळी चुकवतो, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही.

आपल्याकडच्या ग्रुपमध्ये नेमकं उलट घडतं. तीस मिनिटं निवांत मागे बसलेला माणूस पुढे आला की त्याच्या पायात वारं शिरतं. सायकल-कंप्युटरवर २८ चा आकडा असतो, तो मिनिटभरात ३३ होतो. त्याला वाटतं आपण ग्रुपसाठी राबतोय. मागे मात्र रांग फाटायला लागलेली असते. तसाच दुसरा प्रकार शेजारी-शेजारी चालवताना होतो. एकजण सतत अर्धं चाक पुढे राहतो, दुसरा त्याला गाठतो, पहिला पुन्हा अर्धं चाक पुढे. कोणी बोलत नाही, पण वेग चढत जातो. इंग्लंडमधल्या जुन्या क्लबांत याला हाफ-व्हीलिंग म्हणतात आणि ते असभ्यपणाचं लक्षण मानतात. साधा नियम असा की पुढे आल्यावर आधी आकडा बघायचा आणि तोच ठेवायचा. मुरलेल्याने तीन-चार मिनिटं पुढे राहावं, नव्याने वीस-तीस सेकंद. त्याला एवढंही नको असेल तर पुढच्यांनी त्याच्यासाठी रांगेत जागा सोडावी, त्याने मागेच राहावं.

मागे म्हणजे नेमकं कुठे, हे मात्र महत्त्वाचं. नवा माणूस भिडेपोटी सगळ्यांच्या मागे जाऊन बसतो आणि तीच रांगेतली सर्वांत कष्टाची जागा असते. कारण आपले स्पीडब्रेकर. बारा सायकली एकामागोमाग असल्या तर रांग सहज तीस मीटर लांब होते. पहिला माणूस ब्रेकरवर ताशी १० वर येतो, तो ओलांडतो आणि लगेच जोर लावून पुन्हा २८ पकडतो. शेवटचा तेव्हा ब्रेकरपर्यंत पोचलेलाही नसतो. त्याला तिथे यायला दहा सेकंद लागतात, तोवर पुढचा पन्नास-साठ मीटर निघून गेलेला असतो. ही फट भरायला शेवटच्याला धावायलाच लागतं, तेही वारा अंगावर घेत. रांग अशी पेटीच्या भात्यासारखी मिटते आणि उघडते, आणि प्रत्येक उघडण्याची किंमत शेपटाला बसते. सोमाटण्यापासून कामशेतपर्यंतचे स्पीडब्रेकर, रंबलर आणि सिग्नल मोजले तर नवा गडी का संपला ते कळतं. त्याने लोणावळ्याची अर्धी राईड नव्हे, वीस-पंचवीस स्प्रिंट केलेल्या असतात.

म्हणून नव्याला तिसऱ्या-चौथ्या जागी घ्यावं आणि शेवटी ग्रुपमधला सगळ्यांत भरवशाचा माणूस ठेवावा. त्याला स्वीप म्हणतात. त्याच्याकडे पंप, टायर लिव्हर, एक-दोन ट्यूब आणि फोन असतो, आणि त्याच्या मागे ग्रुपमधलं कोणीही उरत नाही, हीच त्याची जबाबदारी. पुढच्याने ब्रेकर किंवा वळण ओलांडल्यावर दहा-बारा सेकंद पॅडल हलकं ठेवायचं. "आले सगळे!" ही स्वीपची आरोळी आली की मगच वेग पकडायचा. एवढी एक सवय लागली तर निम्म्या तक्रारी मिटतात.

दुसऱ्याच्या चाकामागे चालवणं ही मात्र शिकण्याची गोष्ट आहे, आणि ती पहिल्याच दिवशी जमावी असा आग्रह धरू नये. नव्याने सुरुवातीला एक सायकलभर अंतर ठेवावं. फायदा थोडा कमी मिळेल, पण मिळेल. अंतर हळूहळू आपसूक कमी होतं. नजर पुढच्याच्या मागच्या चाकावर खिळली की माणूस बावचळतो. ती त्याच्या कमरेवर, खांद्यांवर आणि त्यापलीकडच्या रस्त्यावर हवी. थोडं जवळ गेल्यासारखं वाटलं तर ब्रेक दाबायचा नाही, पॅडल मारणं थांबवायचं आणि अंग किंचित वर उचलायचं. छातीला लागणारी हवाच ब्रेकचं काम करते.

सगळ्यांत मोठा धोका आहे चाकाला चाक लागण्याचा. मागच्याचं पुढचं चाक पुढच्याच्या मागच्या चाकाशेजारी, समजा डावीकडे, चार बोटं पुढे सरकलेलं असतं. पुढच्याला खड्डा दिसतो, तो डावीकडे वळतो आणि दोन टायर एकमेकांना घासतात. दुचाकीवर तोल सांभाळण्यासाठी आपण ज्या बाजूला कलतो त्याच बाजूला हँडल वळवावं लागतं. इथे मागच्याचं चाक उजवीकडे वळूच शकत नाही, कारण तिथे पुढच्याचं चाक आडवं आलेलं असतं. तो उजवीकडे कलतो, सावरता येत नाही, आणि क्षणात खाली. पुढच्याला बहुतेक वेळा फक्त एक धक्का जाणवतो. चूक कोणाची हा वाद नंतर रंगतो, पडतो मात्र मागचा. चढावर आणखी एक गोम आहे. बसलेला माणूस एकदम उभा राहून पॅडल मारू लागतो तेव्हा त्याची सायकल क्षणभर वीतभर मागे आल्यासारखी होते. अनुभवी लोक उभं राहण्याआधी पॅडलवर थोडा जोर देतात, किंवा सरळ "उठतोय" म्हणून सांगतात.

सांगणं हा ग्रुप राईडचा निम्मा भाग आहे. मागच्याला रस्ता दिसत नसतो, पुढच्याची पाठ दिसते. म्हणून "खड्डा डावीकडे", "ब्रेकर", "वाळू", "कुत्रा", "मागून गाडी" या आरोळ्या रांगेतून एकाकडून दुसऱ्याकडे पोचल्या पाहिजेत. हाताने खुणा कराव्यात, पण हँडल सोडायची भीती वाटत असेल तर तोंड पुरेसं आहे. हेडफोन घालून येणाऱ्याला राईड लीडरने आल्या पावली परत पाठवावं, असं स्पष्ट मत इथे नोंदवायला हरकत नाही.

दोघांनी शेजारी चालवावं की एकामागोमाग? बारा जण एकामागोमाग असले तर तीस मीटर, दोन-दोनच्या जोड्या केल्या तर पंधरा-सोळा. रुंद, मोकळ्या रस्त्यावर जोड्यांची रांग ओलांडायला गाडीवाल्याला कमी अंतर लागतं. पण बोपदेव किंवा दिवे घाटासारख्या ठिकाणी, जिथे वळणावर समोरून ट्रक येतो, तिथे एकेरी रांगच बरी, तीही सहा-आठजणांच्या तुकड्यांत, मध्ये गाडी शिरेल एवढी फट ठेवून. नाशिक सायकलिस्ट फाउंडेशनच्या नाशिक–पंढरपूर सायकलवारीसारख्या उपक्रमात तर शेकडो लोक असतात. एवढ्या लोकांची एकच रांग करण्याचा विचारही कोणी करू नये. एक्स्प्रेसवेवर सायकलला बंदीच आहे, त्यामुळे तो विषय निघत नाही.

आता घाट. इथे वाऱ्याची मदत संपते. ताशी दहा-बारा किलोमीटरला हवेचा रोध नगण्य असतो, झगडा गुरुत्वाकर्षणाशी असतो, आणि त्यात कोणी कोणाच्या पाठीआड लपू शकत नाही. शिवाय सपाटीवरचा क्रम घाटात उलटतो. ६० किलो वजनाची, २०० वॅट देणारी सायकलपटू आणि ८० किलोचा, २२० वॅट देणारा सायकलपटू घ्या, दोघांच्या सायकली १० किलोच्या. सपाट रस्त्यावर जास्त वॅटवाला तो सहसा पुढे. आठ टक्के चढाचा पाच किलोमीटरचा घाट लागला की ती साधारण १२.३ च्या वेगाने चढते, तो १०.६ ने. ती चोवीस-पंचवीस मिनिटांत माथ्यावर, त्याला अठ्ठावीसच्या वर. चार मिनिटांचा फरक पडला आणि दोघांपैकी कोणीही आळशीपणा केलेला नाही. घाटात महत्त्व वॅटला नाही, दर किलो वजनामागे मिळणाऱ्या वॅटला आहे.

त्यामुळे घाटात ग्रुप एकत्र ठेवण्याचा प्रयत्नच करू नये. तिथे ज्याने त्याने आपापल्या गतीने चढावं आणि माथ्यावर थांबावं. थांबण्याची वेळ शेवटचा माणूस पोचल्यापासून मोजायची, पहिला पोचल्यापासून नाही. हा नियम लिहून काढावा इतका महत्त्वाचा आहे. नव्याला एक गोष्ट निघण्याआधीच बजावायची. पहिल्या किलोमीटरला कोणाच्याही मागे लागायचं नाही आणि पाय जड होण्याआधी गिअर हलका करायचा. सिंहगडाच्या रस्त्यावर चढ चांगला अंगावर आल्यावर गिअर बदलायला गेलेले आणि चेन उतरल्यामुळे कडेला बसलेले लोक नेहमी दिसतात.

घाटाचा सराव एकत्र करायचा असेल तर अंतर ठरवू नये, वेळ ठरवावी. "माथ्यापर्यंत तीनदा" असं ठरलं तर ताकदीची मंडळी आपले तीन चढ संपवून मोकळी होतात आणि नव्याचा दुसराच चढ चालू असतो. त्याऐवजी "बारा मिनिटं वर, मग सुरक्षित जागा पाहून वळायचं, खाली भेटायचं" असं ठरवा. बारा मिनिटांत एकजण अडीच किलोमीटर चढतो, दुसरा दीड. वळायची वेळ सगळ्यांची एकच, त्यामुळे पायथ्याशी सगळे थोड्याफार फरकाने परत भेटतात. प्रत्येकाने आपल्या ताकदीनुसार बारा मिनिटं झुंज दिलेली असते. हे चार वेळा केलं की अठ्ठेचाळीस मिनिटांचा उत्तम सराव होतो आणि कोणालाही कोणाची वाट पाहावी लागत नाही. दुसरी युक्ती हँडिकॅपची. हळू चढणाऱ्यांना आधी सोडायचं, जोरकसांना काही मिनिटांनी. ऑस्ट्रेलियात १८९५ साली सुरू झालेली मेलबर्न ते वॉर्नम्बूल ही लांब पल्ल्याची शर्यत कित्येक दशकं याच पद्धतीने व्हायची, आणि मागून सुटलेल्या नामवंतांना पुढच्यांना गाठता येतं का, यातच तिची सगळी रंगत असे. तिसरी युक्ती सगळ्यांत सोपी आणि नव्याला सर्वांत उपयोगी. वर आधी पोचलेल्याने पाणी पिऊन पुन्हा खाली जायचं, शेवटच्या माणसाला गाठायचं आणि त्याच्यासोबत पुन्हा चढायचं. याचा सराव जास्त होतो, त्याला सोबत मिळते.

वेग बांधायचा की मोकळा सोडायचा, या वादाला इतिहासही आहे. १८९७ मध्ये इटलीत काही सायकलस्वारांनी रोम ते नेपल्स हे सुमारे २३० किलोमीटरचं अंतर एका दिवसात पार केलं आणि तिथून ऑडॅक्स राईडची परंपरा सुरू झाली. 'लोटो' या वृत्तपत्राचे संपादक आणि टूर दि फ्रान्सचे जनक आंरी देग्रांज यांनी १९०४ मध्ये ती फ्रान्समध्ये आणली. त्यांच्या पद्धतीत ग्रुप एकत्रच जायचा. वेग रोड कॅप्टन ठरवायचा आणि त्याच्या पुढे कोणी जायचं नाही. फ्रान्समध्ये आजही या प्रकारच्या राईड ताशी २२.५ किलोमीटरच्या ठरलेल्या वेगाने होतात. १९२१ मध्ये ऑडॅक्स क्लब पारिझियनचं देग्रांज यांच्याशी बिनसलं आणि क्लबने वेगळा प्रकार सुरू केला. त्यात वेग ज्याचा त्याचा, अट फक्त ठरलेल्या मुदतीत पोचण्याची. आज पुणे, मुंबई, नाशिक, नागपूरचे सायकलस्वार ज्या बीआरएम नावाच्या राईड करतात त्या या दुसऱ्या घराण्यातल्या. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस, ६०० ला चाळीस. दर चार वर्षांनी होणाऱ्या पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिसच्या १२०० किलोमीटरला जास्तीत जास्त नव्वद.

बीआरएमने महाराष्ट्रात लांब पल्ल्याच्या सायकलिंगची गोडी लावली यात शंका नाही. पण शिकण्यासाठी देग्रांज यांचा कॅप्टन जास्त कामाचा. मोकळा वेग ही परीक्षा आहे, आणि परीक्षेच्या दिवशी कोणी शिकत नाही. महिन्यातून दोन रविवार तरी कॅप्टनच्या मागे, बांधलेल्या वेगाने जावं. ज्यांना आपला दम अजमावायचा आहे त्यांना उरलेले दोन आहेतच.

ताकदीच्या मंडळींना हे वेळ वाया घालवल्यासारखं वाटतं. त्यांच्यासाठी स्टीफन सायलर यांचं काम सांगण्यासारखं आहे. मूळचे अमेरिकन आणि नॉर्वेत काम करणारे हे शरीरशास्त्रज्ञ अव्वल धावपटू, रोइंगपटू, स्कीपटू आणि सायकलपटू यांच्या सरावाच्या नोंदी तपासत होते. साधारण ८० टक्के सत्रं अगदी सौम्य असतात आणि उरलेली थोडीच खरोखर कठीण, असं चित्र त्यांना पुन्हा पुन्हा दिसलं. हौशी माणसाची गंमत अशी की त्याची सौम्य राईड पुरेशी सौम्य नसते आणि कठीण राईड पुरेशी कठीण नसते. आठवड्यातून चार दिवस तो मधल्याच कुठल्या तरी तापमानावर शिजत राहतो. दमतो पुष्कळ, सुधारतो कमी. मिश्र ग्रुपचा रविवार त्याला ही सौम्य राईड आयती मिळवून देतो.

सौम्य म्हणजे किती, हे मोजायला पॉवर मीटर हवाच असं नाही. स्वीडनचे गुन्नार बोर्ग यांनी बनवलेल्या ६ ते २० च्या मोजपट्टीवर माणूस आपल्याला किती कष्ट पडतायत ते स्वतःच सांगतो. आकड्याला दहाने गुणलं की तरुण, निरोगी माणसाच्या हृदयाच्या ठोक्यांचा ढोबळ अंदाज येतो, म्हणून ती अशी विचित्र सहापासून सुरू होते. त्याहून सोपी कसोटी बोलण्याची. पूर्ण वाक्यं बोलता येत असतील तर सौम्य. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर तसं नाही. कॅप्टनने दर पंधरा मिनिटांनी मागे वळून नव्याला काहीही विचारावं, "नाश्त्याला काय घेणार?" हेसुद्धा चालेल. उत्तर एका शब्दात आलं तर वेग दोनने उतरवावा.

आणि नाश्त्यापर्यंत थांबूही नये. कष्ट जितके जास्त, तितकी शरीरातली साठवलेली साखर लवकर संपते. म्हणजे एकाच राईडवर नव्याची टाकी मुरलेल्याच्या आधी रिकामी होते. दोन तासांपेक्षा लांब राईडला ताशी ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात जावं, असा सर्वसाधारण संकेत आहे. मध्यम केळ्यात ते पंचवीस-सव्वीस ग्रॅम असतं, म्हणजे तासाला सव्वा ते सव्वादोन केळी. खजूर, चिक्की, राजगिऱ्याचा लाडू यांपैकी काहीही चालेल. भूक लागण्याची वाट पाहिली तर उशीर झालेला असतो. चक्कर, थरथर, उगाच येणारी चिडचिड ही सगळी त्याची लक्षणं, आणि कामशेतच्या अलीकडचा तो गडी बऱ्याचदा थकलेला नसून उपाशी असतो. एप्रिल-मेमध्ये पाण्यासोबत मीठही हवं, चिमूटभर मीठ घातलेलं लिंबू-सरबत स्वस्तात काम भागवतं.

या सगळ्यासाठी लागणारी सगळ्यांत मोठी गोष्ट आदल्या रात्रीच करता येते. शनिवारी व्हॉट्सॲपवर पडणारा "उद्या लोणावळा, ५.३० शार्प" हा मेसेज पुरेसा नाही. त्यात सपाटीवरचा वेग लिहा आणि तो सरासरी आहे की कमाल तेही लिहा. एकूण अंतर, थांबायच्या जागा, घाटात कुठे भेटायचं, कॅप्टन कोण, स्वीप कोण, हे लिहा. सोबत हेल्मेट, पुढे-मागे दिवे, एक स्पेअर ट्यूब आणि दोन बाटल्या पाणी सक्तीचं करा. ही राईड कोणालाही मागे सोडणार नाही की आज वेगाची राईड आहे, हे एका ओळीत स्पष्ट सांगा, म्हणजे नव्याला यायचं की नाही ते ठरवता येईल. आणि वेगाची राईड असेल तर तसं सांगण्यात संकोच करू नका. फक्त पुढच्या आठवड्याची दुसरी राईड त्याच मेसेजमध्ये जाहीर करा आणि तिचं कॅप्टनपद ग्रुपमधल्या सगळ्यांत वेगवान माणसाकडे द्या.